अळिवाचं गवत

दिगंबरकाकांनी तिला पाहिलं आणि ते नारळाच्या ढिगाआड सरकले. ह्यात संशयाला जागाच नव्हती. मंडईत सकाळची गर्दी असते, माणसाला माणूस दिसत नाही, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण नजरेला नजर भिडली होती, काकांचा उजवा हात नमस्कारासाठी छातीपर्यंत उठलाही होता. मग तोच हात त्यांनी खिशात घातला आणि गुडघ्याला पट्टा बांधलेला तो सत्तरी ओलांडलेला माणूस तिच्याकडे पाठ करून एक नारळ कानाशी वाजवून बघायला लागला. सुरुचीच्या हातात मेथीची जुडी होती. ती तिनं खाली ठेवली, पुन्हा उचलली. भाजीवाली बायडाबाई तिच्या ओळखीची, म्हणाली, "ताई, घ्यायचीय का नुसतीच कुरवाळायचीय?" एरवी सुरुचीनं असलं बोलणं ऐकून घेतलं नसतं, व्याजासकट परत केलं असतं. आज मात्र तिनं मुकाट पैसे दिले आणि जुडी तिथेच विसरून ती चालू लागली. बायडाबाईनं मागून हाका मारल्या त्याही तिला दुसऱ्याच कुणाला मारल्यासारख्या ऐकू आल्या.

दिगंबरकाका म्हणजे काही सख्खे काका नव्हेत. अण्णांचे, म्हणजे तिच्या वडिलांचे, हवामान खात्यातले सोबती. अण्णा निवृत्त झाले आणि एका रविवारी जुन्या बाजारातून खोकंभर काळ्या प्लॅस्टिकचे तुकडे घेऊन आले. ते एकमेकांत अडकवले की रस्ता व्हायचा. रस्त्यात दोन खाचा, खाचांच्या कडेनं धातूच्या पट्ट्या, पट्ट्यांत ट्रान्सफॉर्मरमधून आलेली वीज. बोटभर लांबीची गाडी खाचेत ठेवायची, हातातला खटका दाबायचा, की ती सूं करून सुटायची. वळणावर खटका सोडायला विसरलात, की उडून थेट सोफ्याखाली. खेळ एवढाच. पण एवढ्या खेळापायी शुक्रवार पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या फ्लॅटचा अख्खा हॉल प्लायवूडनं अडवला, पाहुण्यांना टेकायला जागा उरली नाही आणि पाहुणे हळूहळू यायचेच थांबले. शनिवारी दुपारी दोन माणसं मात्र न चुकता यायची. एक दिगंबरकाका. दुसरे नागोराव, स्वारगेट डेपोतून निवृत्त झालेले एसटीचे ड्रायव्हर, ज्यांनी उभ्या नोकरीत घाटात कधी गाडीला ओरखडा येऊ दिला नाही आणि प्लॅस्टिकच्या वळणावर मात्र दर शनिवारी गाडी उडवली. दोघांनी खेळायचं, तिसऱ्यानं फेऱ्या मोजायच्या. सुरुचीनं चहा करायचा. ट्रे ठेवताना ती म्हणायची, "चहा एकदाच मिळेल हं." पहिल्यांदा म्हणाली तेव्हा अण्णा खो खो हसले होते. नंतर कुणी हसत नसे, पण ती म्हणत राहिली. सोळा वर्षं म्हणत राहिली.

अण्णांना तिचं बोलणं आवडायचं, ही खरी त्यातली मेख. तिला आठवतं, तिला बघायला आलेल्या एका मुलाची आई सगळी उत्तरं स्वतःच देत होती, तेव्हा हातात पोह्यांची बशी धरून सुरुचीनं त्या मुलाला विचारलं होतं, "आपल्याला बोलता येतं ना?" पाहुणे पोहे टाकून उठले. आई आत जाऊन रडत बसली. अण्णा मात्र दोन दिवस आठवून आठवून हसत होते, ऑफिसात सांगितलं, जिन्यात भेटेल त्याला सांगितलं, "आमची सुरुची म्हणजे सुरी आहे नुसती!" सुरी व्हायला किती बरं वाटलं होतं तेव्हा. त्यांनी तिचं कौतुक केलं ते फक्त अशा वेळी. विमा कंपनीतल्या नोकरीचं नाही, आईच्या आजारपणात काढलेल्या खस्तांचं नाही, फक्त बोलण्याचं. मग माणूस दुसरं काय करणार? धार लावत राहणार. मुलं बघायला येणं थांबलं, मैत्रिणी आपापल्या संसारात गेल्या, आई गेली, आणि सुरी घरात तशीच राहिली, कापायला समोर काही नसताना.

पावसाळा तोंडावर असताना अण्णा गेले. तेराव्याला दोघं येऊन जेवून गेले. त्यानंतरच्या शनिवारी सुरुचीनं चारच्या सुमाराला सवयीनं आधण ठेवलं, कप मांडले आणि बेलकडे कान लावून बसली. बेल वाजली नाही. पुढच्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तिला आधी राग आला, मग वाटलं पाऊस आहे, काकांचा गुडघा, जिने. मग गणपती आले, गेले, पाऊसही ओसरला. मधल्या काळात ती एकटीच ट्रॅकवर गाड्या फिरवायला शिकली होती. डाव्या हातात एक खटका, उजव्या हातात दुसरा. अण्णांची लाल गाडी आणि पाहुण्यांसाठी ठेवलेली पांढरी. दोन्ही हात तिचेच, तेव्हा दोन्ही गाड्या जवळपास बरोबरच पळायच्या. कुणी जिंकायचं नाही, कुणी हरायचं नाही, आणि फेऱ्या मोजायला कुणी नसल्यामुळे शर्यत संपायचीही नाही. हात भरून आले की ती थांबायची. गाड्या थांबल्या की घर इतकं गप्प व्हायचं, की तिला मुद्दाम खोकावंसं वाटे.

आणि आज काका नारळाआड लपले. म्हणजे पाऊस नव्हता, गुडघा नव्हता, जिने नव्हते. त्यांना यायचंच नव्हतं. तिन्ही जिने चढून ती घरात आली, पिशवी दाराशीच टाकली आणि त्या उघड्याबोडक्या प्लायवूडकडे बघत उभी राहिली. त्यांनी यावं, एवढंच तिला हवं होतं. हे तिला इतकं स्वच्छ आणि इतक्या निर्लज्जपणे कळलं, की तिचे कान तापले. अण्णांच्या आठवणीसाठी नको, सांत्वनाला नको. शनिवारी दुपारी दारात चपला दिसाव्यात, म्हणून हवं होतं. पण फोन करून असं कसं सांगणार? "काका, या ना." पुढे काय? कशाला या? ह्या घरात कारणाशिवाय कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. कारण पाहिजे होतं.

कारण तिच्या समोर पसरलेलं होतं. अण्णांनी ट्रॅकभोवती कधी काही लावू दिलं नव्हतं. घरं नाहीत, झाडं नाहीत, काही नाही, "गाडीकडे बघा, झाडं काय बघताय?" एकदा, तेव्हा ती चाळिशीला आली होती, ऑफिसातल्या कुणाच्या वाढदिवसाच्या केकवरचं प्लॅस्टिकचं झाड तिनं पुसून आणून वळणावर ठेवलं होतं. छान दिसत होतं. अण्णांनी ते दोन बोटांनी उचलून तिच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "सुरुची, हे खेळणं नव्हे." ती हसली होती. काहीतरी चुरचुरीत बोललीही असेल. झाड तिनं देव्हाऱ्याच्या खणात टाकलं, ते अजून तिथेच होतं. तिनं खण उघडला, झाड काढलं आणि जिथून अण्णांनी उचललं होतं तिथेच, बरोब्बर त्याच वळणावर, नेऊन ठेवलं. कुणी काही म्हणालं नाही.

मग ती कामाला लागली. बाजारातून विकत काही आणायचं नाही असं तिनं ठरवलं नव्हतं, पण घरातच इतकं निघत गेलं की बाहेर जावंच लागलं नाही. अंड्यांचे ट्रे उपडे घातले की टेकड्या. फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल, त्यावर जुनी वर्तमानपत्रं फाडून मैद्याच्या खळीत बुडवून चिकटवली की कडे आणि उतार. खळीचा तो आंबूस वास हॉलभर झाला. खराट्याच्या काड्या आणि भांड्यांच्या हिरव्या घासणीचे तुकडे, ही झाडं. अण्णांच्या उशाशी औषधांचा एक डबा तसाच राहिला होता. तो उघडायचा तिनं चार महिने टाळला होता, आता सहज उघडला. गोळ्यांची रिकामी पाकिटं उलटी केली की चकचकीत पन्हाळी पत्रे दिसायचे, त्यांचं छप्पर काड्यापेट्यांवर घातलं आणि स्वारगेटचा डेपो तयार झाला. इंजेक्शनच्या बाटल्या इमारतींवरच्या पाण्याच्या टाक्या झाल्या. आईचा फुटका आरसा निळ्या कागदावर बसवून खडकवासल्याचं पाणी केलं आणि तिथून सलाइनची नळी गावात आणली, अगदी शुक्रवार पेठेपर्यंत. ह्या नळीतून थेंब थेंब पडताना ती रात्रंदिवस बघत बसली होती. आता तीच कात्रीनं हव्या त्या मापाची कापताना तिला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही, उलट ती काहीतरी गुणगुणत होती, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

मातीसाठी तिनं चहाचा चोथा वाळवला. उन्हात पसरला की त्याची इतकी हुबेहूब काळी माती होते. चोथा घरात कमी नव्हता, कारण एक गोष्ट तिनं कधी कुणाला सांगितली नव्हती. दर शनिवारी ती दोन-तीन कप चहा जास्तीचा टाकायची, आताही ती सवय सुटली नव्हती. "एकदाच मिळेल हं," असं तोंडानं म्हणायचं आणि आत ओट्यावर झाकलेलं पातेलं तयार. कुणीतरी म्हणेल, अगं, असं काय करतेस, आण अर्धा अर्धा. मग ती म्हणणार होती, "बघते, उरलाय का." पुढचं सगळं तिनं मनात बसवून ठेवलं होतं. पण कुणी कधी मागितलाच नाही. दोघं कप खाली ठेवायचे, रुमालानं मिशा पुसायचे, अर्ध्या तासानं घड्याळ बघायचे. ते गेल्यावर ती तो गार चहा पुन्हा उकळून एकटी प्यायची. कडू व्हायचा. जिभेवर ती कडू चव आता, नुसत्या चोथ्याच्या वासानं, तिला पुन्हा आली.

सगळं झालं तरी टेकड्या मेल्यासारख्या दिसत होत्या. लाकडाचा भुसा हिरव्या रंगात घोळून टाकून पाहिला, तो शेवाळलेल्या भिंतीसारखा दिसायला लागला. दिवाळी जवळ आली होती. खाली सोसायटीच्या आवारात मुलांनी गोणपाट आणि मातीचा किल्ला करायला घेतला होता, आणि गॅलरीतून तो बघता बघता तिला तिचा किल्ला आठवला. आठ-नऊ वर्षांची असेल. अण्णांनी माती चाळून दिली होती. चक्क उकिडवे बसले होते तिच्या शेजारी, ऑफिसची पँट दुमडून. मातीवर अळीव पेरायचे, वरून ओलं फडकं. "ओंजळीनं नाही, वाहून जाईल सगळं. बोटांनी शिंपड. अलगद." आणि तिचं बोट धरून त्यांनी पाणी शिंपडून दाखवलं होतं. दोन-तीन दिवसांत सगळा किल्ला हिरवागार. अण्णांचा हात तिच्या हातावर, तो तेवढा एकदाच. सुरुची तशीच खाली जाऊन वाण्याकडून अळीव घेऊन आली आणि अख्ख्या टेकड्यांवर, थेट ट्रॅकच्या कडेपर्यंत, तिनं ते पेरले. सकाळ-संध्याकाळ बोटांनी पाणी शिंपडलं. अलगद. टेकड्या नाजूक, दाट, खऱ्या हिरव्या झाल्या. वाकून वास घेतला की तिखट वास यायचा. ती किती वेळ तिथे गाल टेकवून बसली होती, कोण जाणे.

मग तिनं फोन केला. काय बोलायचं ते तीनदा घोकलं होतं: काका, शनिवारी या, मला बरं वाटेल. पलीकडून "हॅलो" आलं आणि तिच्या तोंडून निघालं, "काय काका, आहात ना?"

"आहे," काका म्हणाले. "तूर्तास."

"ट्रॅकवर जरा काम केलंय. बघून गेलात तर बरं. नागोरावांनाही आणा. म्हणजे मग मी मोडून टाकायला मोकळी."

मग काका म्हणाले, "बघू."

आपल्याकडे "बघू" म्हणजे काय हे पेठेत वाढलेल्या माणसाला कुणी समजावून द्यायला नको. फोन ठेवून तिनं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला आणि तशीच बसून राहिली. काय गरज होती? मोडून टाकायला मोकळी! ही जीभ एखाद दिवस तरी गप्प बसली असती तर आकाश कोसळलं असतं का? शनिवारी तिनं आशेनं जास्तीचा चहा टाकला नाही. तीन कपांचंच आधण मोजून ठेवलं, आणि तेही स्वतःच्या मूर्खपणाची कीव करत.

बेल वाजली. दारात दोघंही उभे, धापा टाकत. नागोरावांच्या हातात सीताफळांची पिशवी. "रिकाम्या हातानं कसं यायचं," ते म्हणाले आणि पिशवी तिच्याकडे न देता तशीच धरून आत आले, कारण त्यांची नजर ट्रॅकवर गेली होती. दिगंबरकाका गुडघा धरून वाकले, सलाइनच्या नळीवरून बोट फिरवत खडकवासल्यापासून शुक्रवार पेठेपर्यंत आले. ती नळी त्यांनी ओळखली. नागोराव डेपोपाशी खिळले होते. "गेट ह्या अंगाला नाही," ते म्हणाले. "पण छप्पर बरोबर आहे. दुपारी असंच चमकायचं." सुरुचीनं चहा आणला. ट्रे ठेवताना ते नेहमीचं वाक्य पार ओठांपर्यंत आलं; तिनं ते गिळलं. दोघांनी ते वाक्य ऐकू येईल म्हणून क्षणभर वाट पाहिली, आणि आलं नाही तेव्हा जरा बावचळून कप उचलले.

मग काकांनी पांढरी गाडी खाचेत ठेवली, नागोरावांनी लाल. खटके दाबले. गाड्या वीतभर पुढे सरकल्या, गचके खाल्ले, पोटाखाली चुर्र झालं आणि थांबल्या. पुन्हा दाबलं. काही नाही. काकांनी पट्टीवरून बोट फिरवून उजेडात धरलं. बोट तांबूस झालं होतं. त्यांनी गवताकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "अगं, ह्याला पाणी घालत होतीस?"

वीज आणि पाणी. शेंबड्या पोराला कळतं ते. सकाळ-संध्याकाळ, इतक्या मायेनं, ती अण्णांच्या ट्रॅकला गंज चढवत होती. आता अण्णा असते तर काय म्हणाले असते, हे तिला शब्दन् शब्द ऐकू आलं. नागोरावांनी लाल गाडी हळूच उचलून बाजूला ठेवली. काकांनी घड्याळ बघितलं. "छान केलंयस हो सगळं," ते म्हणाले. "बरं मग. निघावं. तुलाही कामं असतील." आणि दोघं उठायला लागले. शर्यत नाही तर बसायचं कशाला, हे त्यांनाही कळत नव्हतं.

"बसा ना," सुरुची म्हणाली.

आवाज इतका बारीक आला की तिला वाटलं, ऐकूच गेला नाही. ती पुन्हा म्हणाली, "जाऊ नका. काका, मंडईत तुम्ही मला बघून लपलात."

काकांचा चेहरा उतरला. ते पुन्हा खाली टेकले. "लपलो," ते म्हणाले. "काय बोलणार होतो? अण्णा होता तोवर त्याच्याकडे यायचो. पण तुला आमची कटकट व्हायची हे आम्हाला दिसत नव्हतं का? आता तरी पोरीला मोकळं सोडावं, असं आम्ही दोघांनी ठरवलं."

"कटकट? मी कधी म्हटलं तसं?"

"दर शनिवारी," नागोराव म्हणाले. "चहा एकदाच मिळेल."

"अहो, ती गंमत होती!"

नागोरावांनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. "सोळा वर्षं?"

"सोळा वर्षं," ती म्हणाली, आणि मग तिला आवरेना. "आत पातेल्यात चहा असायचा. दर वेळी असायचा, तुम्हा दोघांसाठी, झाकून ठेवलेला. कुणी मागितलाच नाहीत! मी वाट बघायचे. तुम्ही रुमालानं तोंड पुसायचात आणि मी आत उभी राहून वाट बघायचे." तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत. "मला एकटीला होत नाही हो आता. ट्रॅक चालो न चालो. नुसते बसायला येत जा."

दिगंबरकाका आपल्या तांबूस बोटाकडे बघत होते. नागोरावांनी समोरचा रिकामा कप उचलला आणि तिच्यापुढे धरला. "मग आण की," ते म्हणाले. "अर्धा अर्धा."

आणि आज, नेमका आज, पातेल्यात टिपूसभर चहा नव्हता. ती आत धावली. आधण ठेवलं, आलं किसायला घेतलं. पाणी उकळायला इतका वेळ लागतो हे तिला कधी कळलं नव्हतं. तिचे कान बाहेर होते. आता खुर्ची सरकेल. आता चपलांचा आवाज येईल, कडी वाजेल, आणि काका दारातूनच म्हणतील, राहू दे गं, पुढच्या वेळी. माणसं अशीच जातात. तिनं दूध ओतलं. बाहेर काहीतरी कुजबुज झाली. मग एक आवाज आला तो तिला आधी ओळखूच येईना. भुर्रर्र असा, घशातून काढलेला, मधेच गिअर बदलल्यासारखा खाली येणारा. नागोराव. "चला, स्वारगेट! स्वारगेट उतरा!" आणि काका म्हणत होते, "अहो, हळू, वळण आहे, गवतात जाल!" "सोळा वर्षं उडवली, आज हातानं नेतोय, आज उडत नाही!" सत्तरीतली दोन माणसं बोटांनी गाडी ढकलत तिच्या गावातून निघाली होती, डेपोवरून, टेकडीखालून, केकवरच्या त्या झाडाला वळसा घालून, आणि विजेचं कुणाला नावही आठवत नव्हतं.

चहा भसकन वर आला आणि शेगडीभर झाला. तिनं गॅस बंद केला, पण पुसायला फडकं घेतलं नाही. तशीच ओट्याला धरून ऐकत उभी राहिली.

"सुरुची," काकांची हाक आली. "ही पांढरी आम्हा दोघांची. लाल कुणाची? तुझी कुठली गाडी?"

असं तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. जिभेवर उत्तर तयार होतं, धार लावलेलं: मला काय उद्योग नाहीत का. ते तिनं बाजूला सारलं. मग एवढ्या मोठ्यानं ओरडली, की खालच्या आवारातल्या पोरांनीसुद्धा वर पाहिलं असेल.

"लाल माझी! मी येईपर्यंत हात लावायचा नाही कुणी!"